जंगल कुठे आहे?

“सर, पण जंगल कुठे आहे?”

सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात शिरून आम्हांस अर्धा-पाऊण तास झाला असेल. बरोबर महाविद्यालयातील बारा विद्यार्थी होते. फेब्रुवारीतील सकाळ, हवेत बोचरा गारठा. समोर गुडघाभर उंचीचे, वाळून पिवळे पडलेले गवत, मधून मधून हिवराची आणि बाभळीची खुरटी झाडे, बोराटीच्या जाळ्या, तरवडाची झुडुपे आणि उघडा मुरूम. एवढेच. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा स्वर कुचेष्टेचा नव्हता, निराशेचा होता. अभयारण्य पाहावयाचे म्हणून तो पहाटे तीन वाजता उठून आला होता. आणि त्याच्या गावाबाहेर, शाळेच्या मागे जसा माळ आहे, तसाच हाही एक माळ निघाला होता. त्याला मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. “थोडा थांब. बोलू नकोस आणि बघत राहा,” एवढेच म्हणालो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता धरला म्हणजे सुमारे ७५ किलोमीटरवर बारामती तालुक्यातील सुपे लागते. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतील सुपे ते हेच. अष्टविनायकांपैकी मोरगावचा मयूरेश्वर येथून जवळ, म्हणून अभयारण्यास त्याचे नाव मिळाले. १९९७ साली हे अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. सकाळच्या एका फेरीत पायी बराचसा भाग पाहून होतो. येथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो जेमतेम ५०० मिलिमीटर. सह्याद्रीच्या माथ्यावर काही हजार मिलिमीटर बरसून आलेले ढग इथवर पोहोचेपर्यंत रिते झालेले असतात. एवढ्याशा पाण्यावर आणि वीतभर मातीवर निसर्गाने जे उभे केले, ते म्हणजे हे गवत, ही काटेरी झुडुपे आणि त्यांच्या आधाराने जगणारा सारा जीवसंभार. पण तो चटकन दिसत नाही. दाट अरण्यात प्राणी झाडाआड लपतात. येथे ते आपल्या डोळ्यांसमोर, उघड्यावर लपतात.

गप्प राहिल्यावर

मुले गप्प झाली आणि मग एकेक गोष्ट घडू लागली. प्रथम कानांना कळले. कोठूनतरी तित्तराची खणखणीत साद आली. मग एक राखी रंगाचा, चिमणीएवढा पक्षी सरळ वर चढला, क्षणभर थबकला आणि शीळ घालीत दगडासारखा खाली कोसळला. जमिनीला टेकणार तोच पुन्हा वर. हा डोंबारी चंडोल. ज्याने त्यास हे नाव दिले, त्याने कोलांट्यांचा हा खेळ नक्कीच मन लावून पाहिला असला पाहिजे. पुढे मुरमाड मोकळ्या जागेत काहीतरी तुरुतुरु धावले, थांबले, ताठ उभे राहिले, पुन्हा धावले. तो धाविक पक्षी. तांबूस छाती, डोळ्यावरून गेलेली काळी-पांढरी रेघ. पण उभा राहिला की मातीचेच एखादे ढेकूळ वाटावा. गवताच्या शेंड्यांवरून एक भोवत्या पंख न हलविता, नांगराच्या तासासारखा शिस्तीत इकडून तिकडे फिरत होता. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून येतात, दिवसा गवतावरील टोळ-नाकतोडे आणि लहान जीव टिपतात आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर मुक्काम करतात. हजारो किलोमीटरचा प्रवास करून हा पाहुणा एका गवताळ प्रदेशातून दुसऱ्या गवताळ प्रदेशात उतरतो. वाटेत त्याला आमराई नको असते आणि वनराईही नको असते.

आणि मग चिंकारे दिसले. खरे तर ते मघापासून समोरच असावेत. गवताच्याच रंगाचे तीन चिंकारे. वळीदार शिंगांचा एक नर आणि दोन माद्या. नराने पाय आपटला, शिंकल्यासारखा आवाज केला. या शिंकेवरूनच त्याला चिंकारा हे नाव पडले असे सांगतात. त्याची आखूड काळी शेपूट सतत हलत असते. जुन्या प्राणिविषयक ग्रंथांत त्याचे ‘कळसिपी’, म्हणजे काळ्या शेपटीचा, असे मराठी नाव नोंदलेले आढळते. तिघेही बाणासारखे सुटले, दोनशे पावलांवर थांबले आणि मागे वळून आमच्याकडे पाहू लागले. जेमतेम २०-२५ किलो वजनाचा हा प्राणी. पाण्यावाचून तो बराच काळ राहू शकतो, दवाचे आणि पाल्यातील पाणी त्यास पुरते. त्याचे संरक्षण दोनच गोष्टींत आहे: दूरवर पाहणारी नजर आणि वाऱ्याचा वेग. दोहोंनाही मोकळे मैदान लागते. ‘जंगल कुठे आहे’ असे विचारणारा मुलगा दुर्बीण डोळ्यांवरून काढावयास तयार नव्हता.

शब्दाचा प्रवास

वास्तविक त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या प्रश्नातील शब्दातच होते. आपण ज्यास आज ‘जंगल’ म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अर्थ घनदाट अरण्य असा नव्हताच. चरक-सुश्रुतांच्या परंपरेत भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानले आहेत. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा प्रदेश. जांगल म्हणजे कमी पाण्याचा, मोकळ्या आकाशाचा, खैर-बोर-शमीसारख्या विरळ, काटेरी झाडांचा, कोरड्या वाऱ्याचा आणि हरिणांचा प्रदेश. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कल्पनेचा सविस्तर मागोवा घेतला आहे. पुढे शब्दाचा अर्थ पार उलटला, जंगल म्हणजे दाट झाडी असे झाले, आणि जो खरा जांगल प्रदेश होता त्याच्याकडे पाहून आमची मुले विचारू लागली, जंगल कुठे आहे?

यावर कोणी म्हणेल की, शब्दांचे राहू द्या. पूर्वी येथे दाट अरण्यच असेल, माणसाने कुऱ्हाड चालवली, गुरे-मेंढरे चारली आणि म्हणून हा माळ झाला. हा समज शिकल्या-सवरल्या लोकांतही खोल रुजलेला आहे. त्यास उत्तर देण्यासाठी अलीकडे मराठी साहित्यच साक्षीस आले, ही आपणां मराठी वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या मराठी संतचरित्रांतून, कथांतून, काव्यांतून आलेले वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांचा हा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यांना ४४ रानवनस्पतींचे उल्लेख सापडले. त्यांपैकी २७ वनस्पती उघड्या, गवताळ, विरळ झाडीच्या प्रदेशातील निघाल्या, आणि दाट अरण्याच्या म्हणता येतील अशा अवघ्या तीन. पंढरपूरच्या मंदिरातील कान्होपात्रेच्या स्मृतीशी जोडलेला तरटीचा वृक्ष वारकऱ्यांना परिचित आहे. ही तरटीदेखील अशाच कोरड्या, काटेरी रानातली. आपल्या पूर्वजांनी सातशे वर्षे हा माळ पाहिला, त्यावरून वाट तुडवली आणि तसे लिहून ठेवले. आपण ते वाचले. पण अर्थ मात्र लक्षात घेतला नाही.

याच दख्खनच्या पठारावरील, गळ्याशी निळा-काळा पंखा फुलविणाऱ्या सरड्यांना शास्त्रज्ञांनी २०१६ साली जेव्हा स्वतंत्र वंश दिला, तेव्हा त्याचे शास्त्रीय नावही ‘सरडा’ असेच ठेवले. मराठी शब्द जागतिक शास्त्राच्या नोंदवहीत गेला तो या माळामुळे.

पडीक कोणी ठरवले?

मग हा माळ ‘पडीक’ झाला कसा? उत्तर सरळ आहे. ज्या जमिनीतून शेतसारा येत नाही ती पडीक, असा महसुली हिशेब इंग्रजी अमदानीत पक्का झाला आणि स्वातंत्र्यानंतरही आपण तो बदलला नाही. सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ हा रकाना आहे. कचेरीत काम करणाऱ्यांना तो परिचित असेल. ज्या खराब्यात धाविक अंडी घालतो आणि खोकड बीळ करते, त्याचा वेगळा रकाना मात्र कोठेच नाही. केंद्र सरकारने २००० सालापासून देशातील पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह प्रसिद्ध केले, त्यांतही झुडुपी जमीन आणि चराऊ कुरणे यांचा समावेश पडीक जमिनींतच केलेला आहे.

नाव एकदा पडीक पडले की पुढचे सारे आपोआप घडते. पडीक जागा म्हणजे मोकळी जागा. आणि मोकळी जागा म्हणजे कशाला तरी द्यावयाची जागा. तेथे दगडाची खाण निघते, कारखान्यांची वसाहत येते, घरांचे भूखंड पडतात, गावचा कचरा जातो. या गोष्टींविषयी निदान कोणी हळहळ तरी व्यक्त करतो. पण माळावरचे एक संकट असे आहे की, ते आपण टाळ्या वाजवून, फोटो काढून, शाळेतील मुलांना रांगेत उभे करून ओढवून घेतो. ते म्हणजे वृक्षारोपण.

माझ्या हातून घडलेले

हे मी कोणाकडे बोट दाखवून म्हणत नाही. महाविद्यालयात शिकत असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही दहा दिवस एका गावच्या माळावर खड्डे खणले होते. सामाजिक वनीकरणाचे ते दिवस होते. तळहातांना फोड आले, त्यांचा आम्हांस केवढा अभिमान! पावसाळ्यात त्या खड्ड्यांत गिरिपुष्प आणि सुबाभूळ लागली. उजाड माळ हिरवा केला, या समाधानात माझी पंचवीस वर्षे गेली. पुढे एकदा त्या बाजूने जाणे झाले म्हणून मुद्दाम वाट वाकडी केली. माळावर गिरिपुष्पाची एकच दाट गर्दी माजली होती. खाली गवताची काडी नव्हती. त्या झाडाच्या पाल्यास शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. त्याचे दुसरे नाव उंदीरमारी, ते उगीच नव्हे. चंडोल ऐकू आला नाही. गावातील मेंढपाळ आता दुसऱ्या शिवारात जातात, असे कळले. आम्ही जे हिरवे केले ते उजाड नव्हते. आणि जे उरले ते मात्र खरोखर उजाड होते, फक्त हिरव्या रंगाचे.

असे का व्हावे, हे समजणे कठीण नाही. गवताला भरपूर ऊन लागते; दाट सावली पडली की ते मरते. चंडोल, धाविक, माळटिटवी, पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. उंच झाडे आली की कावळ्यांना टेहळणीचे बुरूज मिळतात. चिंकाऱ्याची नजर अडते, धाव अडते. भोवत्यांना मुक्कामास मोकळे गवत उरत नाही. वातावरणातील कार्ब शोषून घेण्यासाठी झाडे हवीतच, असे सांगितले जाते. पण गवत आपला पुष्कळसा कार्ब जमिनीखाली मुळांत साठविते, आणि वणवा आला तरी तो तेथे सुरक्षित राहतो, ही गोष्ट सांगितली जात नाही.

महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे संकल्प सोडण्यात आले. त्यामागील हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण आकडा मोठा असला की जागा शोधावी लागते, आणि जागा शोधू लागले की पहिली नजर माळावर जाते. झाडांना विरोध करण्याचा येथे प्रश्नच नाही. गावात, रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर, आणि जेथे जंगल खरोखरच तोडले गेले त्या डोंगरउतारावर झाडे लावावीत, जगवावीत. मात्र जेथे झाड नाही तेथे निसर्ग चुकला आहे, असे समजून त्याची दुरुस्ती करण्यास आपण निघू नये.

माळढोकाचा धडा

दुसऱ्या टोकाची चूकही आपण करून पाहिली आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक आहेत, ही गोष्ट बी. एस. कुलकर्णी या सोलापूरच्या निसर्गप्रेमींमुळे १९७२ च्या सुमारास अभ्यासकांच्या ध्यानात आली. जवळजवळ मीटरभर उंचीचा, सहसा वर्षाला एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालणारा हा राजस पक्षी. तो राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे सालिम अलींचे म्हणणे होते. १९६३ साली तो मान मोरास मिळाला. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचा प्रदेश माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यात गावे आली, शेते आली, बाजारपेठा आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ज्या शेतकऱ्याच्या भरवशावर तो पक्षी जगावयाचा, त्याच्याच डोळ्यांत तो सलू लागला. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. पण दरम्यान माळ नांगरले गेले होते, पाणी आले होते, ऊस आणि द्राक्षे आली होती. आज देशातील माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला माळढोक पाहण्याच्या आशेने जाणारा आता बहुधा निराश होऊनच परततो.

कागदावर अफाट क्षेत्र राखून पक्षी वाचला नाही. सुप्याचे ५.१४ चौरस किलोमीटर किंवा कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळविटांसाठी १९८० साली राखलेले २.१७ चौरस किलोमीटर, असे लहान तुकडेही एकटे पुरणार नाहीत. चिंकाऱ्याला अभयारण्याची हद्द कळत नाही. लांडग्याला तर मुळीच कळत नाही. तो रात्रीत कितीतरी शिवारे पालथी घालतो. त्याच्यापुढे आता नवेच संकट आहे. कचऱ्याच्या ढिगांवर पोसलेली मोकाट कुत्री माळावर शिरली आहेत. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले असून तो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे अभयारण्य टिकावयाचे तर भोवतीचे गायरान टिकले पाहिजे, आणि गायरान टिकावयाचे तर ते वापरणारा माणूस टिकला पाहिजे.

परतताना अभयारण्याच्या हद्दीबाहेर एक वृद्ध धनगर भेटले. मेंढरे चरत होती. मुलांपैकी एकाने विचारले, “बाबा, इथे झाडं लावली तर बरं होईल ना? सावली मिळेल तुम्हांला.” म्हातारा हसला. “लावा की. पर मेंढरं काय सावली खात्यात व्हय? गवात ऱ्हाऊ द्या म्हंजी झालं.” लांडगा त्रास देतो का, या प्रश्नावर त्याने आधी एक शिवी हासडली आणि मग म्हणाला, “त्योबी हितलाच हाये. त्यानं तरी जावं कुटं?”

काय करता येईल?

पुणे वनविभागाने अलीकडील वर्षांत इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ परिसरात गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली आहे. माळ हीदेखील पाहण्याची गोष्ट आहे, हे त्यामुळे लोकांना कळेल आणि जवळच्या गावांतील तरुणांना चार पैसे मिळतील, तर ते स्वागतार्हच आहे. मात्र गाडी प्राण्यामागे पळविली की सफरीची शिकार होते. सुप्यास जावयाचे तर हिवाळ्यात, सूर्योदयापूर्वी जावे. मळकट रंगाचे कपडे घालावेत, खाण्याच्या पुड्या आणि गाण्याची पेटी घरी ठेवावी, वाट सोडून गवतात शिरू नये. कारण जेथे पाऊल पडेल तेथे कदाचित एखादे अंडे असेल. आणि पहिला पाऊण तास काहीच दिसले नाही तरी परत फिरू नये.

आम्ही जेजुरीस चहाला थांबलो. प्रश्न विचारणारा तो मुलगा वहीत पक्ष्यांची नावे लिहीत होता. एकवीस झाली होती. मान वर न करता तो म्हणाला, “सर, आमच्या गावच्या माळावर पण हे असतील?” मी म्हटले, “जाऊन बघ.” थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “यंदा पावसाळ्यात तिथं खड्डे घेणार आहेत. शाळेची मुलं नेणार आहेत. माझा धाकटा भाऊ पण जाईल.”

त्याच्या गावच्या शिक्षकांना मी ओळखत नाही. ते माझ्यासारखेच सद्हेतूने मुलांना घेऊन माळावर जातील, यात मला संशय नाही. राज्यभर या पावसाळ्यात असे कितीतरी शिक्षक जातील. त्यांना एवढीच विनंती आहे, की कुदळ घेऊन जाण्यापूर्वी एकदा, पहाटे, रिकाम्या हाताने मुलांना तेथे न्यावे. तासभर गप्प बसवावे. काय दिसले, काय ऐकू आले, ते वहीत लिहून घ्यावे. आणि ती वही वाचून मगच खड्डा कोठे घ्यावयाचा ते ठरवावे.